हायड्रोजन जनरेटर घेतला त्याला अकरा महिने झाले: चार स्टार, पाचवा का कापला ते सांगते

कंपनीचं नाव लिहिणार नाहीये, आधीच सांगते. खाली कौतुक पण आहे आणि सर्व्हिसच्या नावाने बोटं मोडणं पण आहे, आणि आमच्या सरांना अजून त्यांच्याकडूनच एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) करून घ्यायचीय, त्यामुळे उगाच नको. आणि खरं सांगायचं तर असली मशीनं आतून बऱ्यापैकी सारखीच असतात, तेव्हा नावापेक्षा घेताना काय बघायचं ते कळलं तर जास्त कामाचं.

आमची लॅब अंधेरी ईस्टला, मरोळच्या एमआयडीसीत, जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तिसऱ्या मजल्यावरचा गाळा. पाणी, मसाले, तांदूळ, सुकी मासळी यात कुठला धातू किती आहे ते बघायचं हे काम. त्यासाठी एक आयसीपी-एमएस आहे (सॅम्पलमधले धातू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारं मशीन), शिवाय दोन जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. तिघांनाही हायड्रोजन लागतो. जीसीच्या ज्योतीला मिनिटाला चाळीसेक मिली प्रत्येकी, आणि आयसीपी-एमएसच्या सेलला (आतला एक बंद कप्पा, त्याचं काम पुढे येतंच) फक्त पाच मिली. पाच मिली म्हणजे किती कमी ते बघा, आठ तास चालवलं तरी दिवसाचे अडीच लिटर होत नाहीत. मोठ्या बाटल्यात सात हजार लिटर गॅस येतो, म्हणजे नुसत्या आयसीपी-एमएससाठी एक बाटला आठ वर्षं पुरेल. मग जनरेटर कशाला घेतला असं अकाउंट्सवाल्या काकांनी विचारलंच, आणि त्यांचं चुकलं नव्हतं.

कारण बाटला तिसऱ्या मजल्यावर ठेवू देईना कोणी. लाल रंगाचा हायड्रोजनचा बाटला बघितला की लिफ्टमन मामा हात जोडायचे, सेक्रेटरी वेगळेच, शेवटी खाली कंपाउंडमध्ये जाळीचा पिंजरा करून तिथे ठेवला आणि पाव इंची स्टीलची लाइन तीन मजले वर आणली. तीन मजले म्हणजे अकरा जॉइंट. एकेक जॉइंटला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघत जिना चढायचा हा आमचा दर महिन्याचा कार्यक्रम होता. ज्यांनी हे केलं नाहीये त्यांना सांगते, हायड्रोजनच्या बाटल्याला आटे उलटे असतात, नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी पाना घेऊन जोर लावतो आणि घट्ट करायचंय तिथे सैल करून ठेवतो. एकदा शुक्रवारी संध्याकाळी भरलेला बाटला सोमवारी सकाळी निम्मा. उघड्यावर होता म्हणून काही झालं नाही, पण हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेटणारा गॅस आहे हा, वास नाही, रंग नाही. त्या सोमवारनंतर सरांनी स्वतःच कोटेशन मागवली.

तर आता जो डबा आलाय तो जुन्या कॉम्प्युटरच्या सीपीयूपेक्षा थोडा मोठा, दोघांनी उचलावा एवढा जड, मिनिटाला २५० मिली देतो. आत पाण्याची टाकी, एक पडदा ज्यातून फक्त प्रोटॉन जातात, वीज लावली की एका बाजूला ऑक्सिजन आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन. एक लिटर पाण्यातून साधारण १२४० लिटर हायड्रोजन निघतो, म्हणजे आमचा तिन्ही मशीनचा मिळून दिवसाचा खर्च अर्ध्या कटिंगएवढं पाणी. हे मला अजूनही भारी वाटतं. आणि सेफ्टीचं म्हणाल तर आत साठा जवळपास नसतोच. मी हिशोब केला होता, आमची गॅसची खोली दहा बाय बाराची आणि दहा फूट उंच, म्हणजे ३४ घनमीटर, तिच्यात ४ टक्के व्हायला १३६० लिटर लागेल, आणि हा डबा पूर्ण जोरात गळला तरी त्याला नव्वद तास लागतील तेही सगळी दारं-खिडक्या-एक्झॉस्ट बंद ठेवून. मशीन स्वतः गळती ओळखून त्याआधी कितीतरी बंद होतं. छताजवळ सेन्सर तरी बसवलाच, कारण हायड्रोजन वर जाऊन साचतो, सरासरीचा हिशोब छताला लागू नाही. सेक्रेटरींना हाच कागद दाखवला, त्यांनी तो व्यवस्थित वाचला आणि सही केली, विषय संपला.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसले. सेल्सवाला मुलगा आला होता, गोड बोलणारा, टाय वगैरे, त्याचं एकच पालुपद, "मॅम, सहा नाइन प्युरिटी आहे, ९९.९९९९." मी विचारलं उरलेल्यात काय आहे? म्हणाला, "मॅम, उरलेलं काहीच नाही ना." अरे बाबा, उरलेल्यातच तर सगळी गंमत आहे. हे समजायला आयसीपी-एमएसमध्ये हायड्रोजन नेमकं करतो काय ते बघायला लागेल, आणि ते समजलं की जनरेटर कसा निवडायचा ते आपोआप समजतं, म्हणून जरा थांबा, कंटाळवाणं नाहीये.

आपलं सॅम्पल आर्गॉनच्या प्लाझ्मात जातं, तिथे सगळ्याचे आयन, म्हणजे चार्ज असलेले अणू होतात, आणि मग वजनाप्रमाणे मोजायचे. लोह ५६ वर मोजायचं, कारण जवळपास ९२ टक्के लोह तिथेच आहे. पण आर्गॉन ४० आणि ऑक्सिजन १६, जोडले की ५६. कॅल्शियम ४० वर, तिथे आर्गॉन स्वतःच बसलाय. सेलेनियमचा निम्मा भाग ८० वर, आणि दोन आर्गॉन चिकटले की ८०. म्हणजे दादरला सहाच्या फास्टमध्ये आपला माणूस शोधायचाय आणि सगळ्यांनी एकाच रंगाचा शर्ट घातलाय. यावर उपाय असा की मोजण्याआधी आयनांना एका बंद सेलमधून न्यायचं आणि त्या सेलमध्ये थोडा हायड्रोजन सोडायचा. आर्गॉनवाले आयन हायड्रोजनशी रिअॅक्शन करून दुसरीकडे निघून जातात, धातूचे आयन काहीच न करता सरळ बाहेर येतात.

काहीच न करता का, हा प्रश्न मला एमएस्सीला कलिनाला असताना कधी पडला नाही, नोकरीत पडला. उत्तर चक्क जमाखर्चाचं आहे. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, ती जोडी फोडायला साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जा मोजायचं माप) खर्च आहे. लोहाच्या आयनाने त्यातला एक अणू घेतला तर त्याला त्या नव्या बंधातून मिळतात दोनच्या जरा वर, २.१ धरा. म्हणजे साडेचार घालून दोन मिळवायचे, २.४ चा सरळ तोटा. कोण करेल धंदा? कोबाल्ट, निकेल, क्रोमियम, मँगनीज, कॅल्शियम, कुणाचाही हिशोब मांडा, सगळ्यांचा तोटाच, तांब्याला तर जेमतेम एक मिळतो. प्लॅटिनम जरा जास्त कमावतो पण त्याचीही तोंडमिळवणी होत नाही. आणि आर्गॉनच्या आयनाला? साडेचार खर्चून सहाच्या आसपास मिळतात. त्यामुळे तो टक्कर झाली की बहुतेक वेळा हायड्रोजन पळवतोच, आणि ४० वरून ४१ वर जातो. त्यावर अजून एक हायड्रोजन रेणू भेटला की तो रेणू त्याच्याकडून प्रोटॉन काढून घेतो आणि आर्गॉन चार्ज नसलेला, बिनकामाचा, पंपातून बाहेर. कॅल्शियमची जागा मोकळी.

जाता जाता, हा जो मधला आर्गॉन-हायड्राइडचा, म्हणजे हायड्रोजन चिकटलेल्या आर्गॉनचा, आयन आहे ना, तोच २०१३ साली हर्शेल दुर्बिणीला क्रॅब नेब्युलात सापडला, अवकाशात सापडलेला निष्क्रिय वायूचा पहिला रेणू म्हणून तेव्हा बरंच गाजलं होतं. आमच्या मरोळच्या गाळ्यात तो रोज सकाळी दहा ते सहा तयार होतो, त्याची बातमी कोणी देत नाही.

हे तोट्याचे आकडे कुठून आले? पीटर आर्मेंट्राउट म्हणून केमिस्ट आहेत, युटा विद्यापीठाचे, त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात एकेक धातूचा आयन घेऊन ठरावीक वेगाने हायड्रोजनवर सोडला आणि वेग वाढवत वाढवत बघत गेले की नेमका कुठे हायड्राइड दिसायला लागतो. म्हणजे तोटा भरून काढायला बाहेरून किती पैसे घालावे लागतात ते मोजलं. आयन इकडेतिकडे पसरू नयेत म्हणून त्यांना आठ दांड्यांच्या मधून न्यायचं, ही युक्ती त्याआधी १९७४ ला फ्रायबुर्गला टेलोय आणि गेर्लिश यांनी केलेली. आमच्या मशीनच्या सेलमध्ये आहे तो ऑक्टोपोल त्याच घराण्यातला. आर्मेंट्राउट यांच्या कामात अजून एक मजेशीर गोष्ट निघाली, लोहाचा आयन फक्त पाव इलेक्ट्रॉन व्होल्ट वरच्या अवस्थेत असला तर जोर दिल्यावर तो हायड्रोजनशी कितीतरी सहज रिअॅक्शन करतो. पाव व्होल्टने २.४ चा तोटा तर भरत नाही, मग असं का? तर खालच्या अवस्थेत बाहेरच्या ४एस कक्षेत एक इलेक्ट्रॉन ठाण मांडून बसलेला असतो, तो हायड्रोजनला जवळच येऊ देत नाही, वरच्या अवस्थेत तो आतल्या ३डी मध्ये गेलेला असतो, दार मोकळं. दारात चपला काढून बसलेल्या आजोबांसारखं, पैशाचा प्रश्नच नाही, आत जाता येत नाही एवढंच.

आणि याच्या उलट गंमत. लोहाला ऑक्सिजन चिकटलेला आयन घेतला तर तो हायड्रोजनशी मिळून पाणी करू शकतो, त्यात दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट निव्वळ नफा आहे, तरी शंभर टकरींत एखादीच कामाला येते. नफा दिसतोय आणि माणूस उठत नाही. बर्लिनचे श्रोडर आणि श्वार्झ, जेरुसलेमचे शाइक यांनी यावर बरंच डोकं लावलं, थोडक्यात वाटेत इलेक्ट्रॉनांची फिरकी बदलावी लागते आणि ते सहज होत नाही. असो, ही रिअॅक्शन आमच्या कामात आडवी येत नाही, पण जमाखर्चावर सगळं चालत नाही हे सांगायला लिहिलं.

मला एक भीती होती की सेलमध्ये आयन जोरात शिरतात तर धातूसुद्धा हायड्राइड करतील आणि आकडे बिघडतील. समजा लोह वीस इलेक्ट्रॉन व्होल्टने शिरलं. पण समोरचा हायड्रोजन इतका हलका, ५६ च्या पुढे २, की टकरीत त्यातले वापरायला मिळतात फक्त एकोणतिसावा हिस्सा, म्हणजे पाऊण व्होल्टसुद्धा नाही. २.४ भरायला आयन सत्तरच्या आसपास पळवायला लागेल. डंपरने फुग्याला धडक दिली तर फुग्याचं फार काही होत नाही, तसं. म्हणून लोह शांतपणे बाहेर येतं आणि ५६ वर लाखांत असलेला बॅकग्राउंड शेकड्यांत उतरतो. पहिल्या दिवशी तो आकडा बघून मी सरांना केबिनमधून ओढत आणलं होतं.

तर आता या हिशोबावरून जनरेटर घ्या. हायड्रोजन स्वतः धातूंना हात लावत नाही, मग त्याच्यात जे बारीकसं दुसरं काही मिसळलंय ते लावतं का, हा प्रश्न आहे. आणि ते मिसळलेलं म्हणजे जास्त करून पाणी, कारण हा डबा पाण्यातूनच गॅस काढतो, गॅस ओलाच निघतो आणि मग ड्रायरमधून जातो. सहा नाइन हे ड्रायर ठणठणीत असताना. आणि आमच्याकडे जुलै असतो.

त्या आठवड्यात चार दिवस पाऊस थांबलाच नव्हता, मी घाटकोपरवरून मेट्रोने मरोळ नाक्याला उतरून पुढे गुडघाभर पाण्यातून आले होते, चपला हातात. मशीन लावलं, पाण्याचे सॅम्पल, रोजचंच काम. आम्ही प्रत्येक सॅम्पलमध्ये स्कँडियम आणि ऱ्होडियम हे दोन धातू ठरावीक प्रमाणात घालतो, ते शंभर टक्क्यांच्या आसपास परत दिसले म्हणजे मशीन नीट. त्या दिवशी हायड्रोजन मोडमध्ये स्कँडियम ७६. ऱ्होडियम ९८. मला वाटलं पिपेट चुकलं, पोरगा म्हणाला, "ताई, मी नीट टाकलंय, परत करून दाखवू?" परत केलं, ७५. हेलियम मोडला नेलं, म्हणजे सेलमध्ये हायड्रोजनऐवजी हेलियम सोडला, स्कँडियम १०१. परत हायड्रोजन, ७६. म्हणजे स्कँडियम बाटलीत आहे, प्लाझ्मातून निघतोय, फक्त हायड्रोजनच्या सेलमध्ये शिरला की चौथा हिस्सा गायब. आणि ऱ्होडियमला धक्का नाही.

दुपारी डबा खाताना सुचलं. मेथीचा ठेपला हातात तसाच. हायड्रोजन स्कँडियमला खाऊ शकत नाही, हिशोबच बसत नाही. पण पाणी खाऊ शकतं! पाण्यातून ऑक्सिजन ओढून काढायला पाचेक व्होल्ट खर्च, आणि स्कँडियमच्या आयनाला ऑक्सिजन मिळाला की सातच्या वर कमाई. दोनचा नफा. ऱ्होडियमची कमाई तीनच्या आसपास, लोहाची साडेतीन, त्यांना पाण्याकडून ऑक्सिजन घेणं परवडतच नाही, म्हणून ते जसेच्या तसे. हात धुऊन सरळ ६१ वर बघितलं, स्कँडियम ४५ अधिक ऑक्सिजन १६, आणि तिथे एवढा मोठा पीक उभा. नुसतं कोरं पाणी आणि स्कँडियम घालून परत बघितलं, तरी तिथेच. पकडला चोर.

ड्रायरची कार्ट्रिज बघायला गेलो तर ती मशीनच्या मागच्या बाजूला. मागची बाजू म्हणजे भिंत. ती काच, जिच्यातून दाणे केशरी आहेत की ओलावा पिऊन हिरवे झालेत ते बघायचं, ती भिंतीकडे तोंड करून! मशीन ओढून बाहेर काढलं तेव्हा दिसलं, सगळे दाणे हिरवेगार, श्रावणातल्या सह्याद्रीसारखे. समोरच्या स्क्रीनवर मात्र प्रेशर ओके, फ्लो ओके, प्युरिटी ओके. ती प्युरिटी मशीन मोजत नाही हो, ते नुसतं अक्षर आहे, आत ओलावा मोजणारा सेन्सरच नाहीये. हे कोटेशनमध्ये कुठे लिहिलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं, चूक दोघांची. पाचवा स्टार इथे कापला.

नवीन कार्ट्रिज बसवून रात्रभर लाइन गॅसने धुतली, सकाळी स्कँडियम ९७. त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट परत काढले. लोह, सेलेनियम यांचे आकडे खरं तर ठीकच आले असते जर आम्ही ते ऱ्होडियमवरून दुरुस्त केले असते, पण आमच्या पद्धतीत लोहाला स्कँडियमचा आधार होता, म्हणजे स्कँडियम कमी दिसला की सॉफ्टवेअर लोह वाढवून देतं, पंचवीस-तीस टक्के जास्त लोह फुकटात. विचार करा हे कुणाच्या सोसायटीच्या टाकीच्या पाण्याच्या रिपोर्टवर गेलं असतं तर. आता नियम केलाय, हायड्रोजन मोडमध्ये दोन्ही बघायचे, आणि स्कँडियम खाली अन् ऱ्होडियम जागेवर दिसलं की सॅम्पलला शिव्या न देता ड्रायरकडे जायचं. शिवाय मशीन आणि आयसीपी-एमएसच्या मध्ये एक वेगळा ओलावा शोषणारा ट्रॅप बसवलाय, पारदर्शक, डोळ्यासमोर, ऑटोमॅटिक काही नाही, रंग बदलला की बदला. तो खर्च मुख्य मशीनच्या मानाने चणेफुटाणे आहे, पहिल्याच दिवशी घ्या.

दुसरी एक तक्रार जनरेटरची नाही, विकणाऱ्याच्या तोंडाची आहे. त्या मुलाने सांगितलं होतं हायड्रोजन मोड लावा, सगळं इंटरफेरन्स (एकाच वजनावर दुसऱ्याची लुडबुड) गायब. सुक्या बोंबलाचं सॅम्पल आलं तेव्हा सेलेनियम ८० वर बरंच जास्त दिसलं, ७८ वर कमी. सेम बोंबील, सेम बाटली. समुद्रातलं काहीही म्हटलं की ब्रोमिन आलंच, त्याचा निम्मा भाग ७९ चा, तो एक हायड्रोजन चिकटवून ८० वर जाऊन बसतो, आणि ८१ वाला ८२ वर. ब्रोमिन काही धातू नाही, त्याचा तोटा अर्ध्या-पाऊण व्होल्टचाच आहे, सेलमध्ये जरा जोरात शिरला की तेवढं सुटे पैसे टाकून भरून निघतं. म्हणजे जो हायड्रोजन आर्गॉनला हाकलायला आणला त्यानेच नवा भाडेकरू बसवला. मासळी, समुद्री मीठ असलं काही असेल तर ७८ वापरा, तिथे सेलेनियम चोवीस टक्केच आहे पण निदान आपलं आहे. पिण्याच्या पाण्यात सेलेनियमची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम, तिथे ब्रोमाइड फार नसेल तर ८० चालतं, तरी आम्ही दोन्ही बघतो.

सर्व्हिसबद्दल. इन्स्टॉलेशनला आलेला इंजिनिअर चांगला होता, नीट समजावलं, टाकीत कुठलं पाणी घालायचं ते तीनदा सांगितलं. हे महत्त्वाचं आहे, नळाचं नाही, आरओचं नाही, बिसलेरी तर अजिबात नाही, आयसीपी-एमएसला वापरतो तेच १८ मेगाओमचं डीआय (आयन काढून टाकलेलं) पाणी, नाहीतर त्यातलं कॅल्शियम वगैरे पडद्यात जाऊन बसतं आणि पडदा म्हणजे मशीनची अर्धी किंमत. मी टाकीच्या झाकणावर मराठीत मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावलीय, "यात पिण्याचं पाणी घालू नये", कारण रात्रपाळीच्या वॉचमनकाकांनी एकदा प्रेमाने भरायला घेतलं होतं. पण जुलैच्या त्या प्रकारानंतर फोन केला तर कॉल सेंटरवाल्या मुलीने तिकीट नंबर दिला, मग दुसऱ्याने फोन करून विचारलं "मॅम, मशीन ऑन आहे का", मग तिसऱ्याने फोटो मागितला, नवव्या दिवशी माणूस आला तोपर्यंत आम्ही सगळं करून मोकळे. त्याने येऊन दाणे बदललेले बघितले, "बढिया है" म्हणाला, सही घेतली आणि गेला. नंतर व्हिजिटचं बिल आलं. वॉरंटीत! ते भांडून रद्द करून घेतलं ते वेगळं. कार्ट्रिजही त्यांचीच घ्यायला लागते, कनेक्टर मुद्दाम वेगळा ठेवलाय, आणि आम्हाला पावसाळ्यात दोन लागल्या, उन्हाळ्यात एकही नाही. जून यायच्या आधी दोन आणून ठेवा, जुलैत मागितली तर स्टॉक नसतो.

आवाज नाहीच, पंख्याएवढा. गरम होतं थोडं, एसीच्या खोलीत असेल तर जाणवत नाही, पण आमच्याकडे रात्री एसी बंद करतात, मग सकाळी पहिला अर्धा तास गॅस बाहेर सोडून द्यायचा आणि मगच काम सुरू करायचं. लाइट गेली की स्वतः बंद होतं आणि आल्यावर स्वतः चालू होत नाही, बटण दाबायला लागतं. हे मला आधी चिडचिडीचं वाटलं, आता बरोबर वाटतं.

कोणी घ्यावा? नुसतं आयसीपी-एमएस असेल आणि ग्राउंड फ्लोरला असाल, मागे मोकळी जागा असेल, तर घेऊ नका, छोटा बाटला, चांगला रेग्युलेटर, सुखाने राहा, छोट्या हॅचबॅक गाडीएवढे पैसे घालायचं कारण नाही. जीसी पण असतील, गाळा वरच्या मजल्यावर असेल, सोसायटी कटकटी असेल, तर घ्याच. आणि सेल्सवाल्याला नाइन किती ते विचारू नका, तीनच गोष्टी विचारा, ड्रायरची काच कुठल्या बाजूला आहे, ओलाव्याचा सेन्सर आत आहे का, आणि कार्ट्रिज जुलैत किती दिवसात देता. तिसऱ्याला तो हसला तर पुढच्याकडे जा.

खालच्या पिंजऱ्यातला जुना लाल बाटला अजून तिथेच आहे. एजन्सीवाला "उद्या गाडी पाठवतो" म्हणतोय त्याला चार महिने झाले आणि भाडं मात्र दर महिन्याला बरोबर लागतंय. मामांनी त्याच्यावर आता छत्री वाळत घालायला सुरुवात केलीय.